सुखदेवची तार

सुखदेवला कुणी जेवणाचं आवतण द्यायला गेलं की लवकर सुटत नाही. जेवायला तो नाही म्हणत नाही, पंगतीत सगळ्यांच्या आधी तोच बसलेला असतो. पण आवतण देणारा "रविवारी बाराला साखरपुडा हाय, या" असं म्हणून वळला, की हा त्याची बाही धरतो.

"रविवारी, बाराला, साखरपुडा. आता तू परत म्हण."

"मीच सांगितलं की बे आत्ता!"

"तू सांगितलंस. पण तू सांगितलं तेच मला पोचलं का, हे कोण बघणार? परत म्हण."

किराणा दुकानदार तर त्याला लांबून बघूनच ओरडतो, "अर्धा किलो शेंगदाणे, एक साबण! परत म्हणलं बाबा, आता पिशवी आण." एकदा याला ताप आला. डॉक्टरनं सांगितलं, गोळी दिवसातून तीनदा. सुखदेव म्हणाला, "परत म्हणा साहेब." डॉक्टर घाईत होता, म्हणाला, "दोनदा." सुखदेव तापातच उठून बसला आणि बाहेरच्या सगळ्या पेशंटला सांगायला लागला, "बघा! मी म्हणलं न्हवतं?"

मला गोड बोलता येत नाही, म्हणून सरळ सांगतो. मला या माणसाचा लई राग यायचा. आता येत नाही. का येत नाही, ते सांगायला बसलोय.

सुखदेव टेलिफोनच्या खात्यात तारवाला होता. खांबावर चढलेल्यानं खालच्याला सांगायचं, खालच्यानं तेच परत म्हणायचं, मगच तार ओढायची, अशी त्यांची रीत. सगळी नोकरी या रीतीत गेली. पुढं खांब गेले, तारा गेल्या, नोकरी पण संपली. रीत तेवढी राहिली. बायको लवकर गेली, मुलगा पुण्याला. टेकाडावर शाळेच्या शेजारी त्याचं दोन खोल्यांचं घर. घरात बाबासाहेबांचा फोटो, बुद्धाची मूर्ती आणि जुन्या तारेची ही एवढी भेंडोळी.

आमचं गाव माजलगावच्या धरणाखालच्या अंगाला, सिंदफणेच्या काठावर. नदीकडून मोजलं तर पहिलं घर माझं. आणि माझी बायको गया कानानं ठार बहिरी. लग्नात अशी नव्हती, मधल्या वयात कान गेले. माणसाच्या ओठाकडं बघून तिला बरंच कळायचं, पण स्वतःचा आवाज तिला कळत नसल्यामुळं ती घरात बोलली तरी पलीकडच्या आळीत ऐकू जायचं. मी म्हणायचो, गावातला सगळ्यात मोठा कर्णा माझ्या घरात हाय.

मध्यंतरी नगरपंचायतीनं चौकाचौकात खांब रोवले आणि वर कर्णे बसवले. धरणाचे दरवाजे उघडले, वादळ आलं, आग लागली, तर गावाला आधी खबर मिळावी म्हणून. मोबाइलवर पण मेसेज येणार. सुखदेवला घरचं लग्न निघाल्यासारखा आनंद झाला. खांब रोवायला तो रोज हजर. कर्ण्यांची तोंडं कुणीकडं, हे बघत मान वर करून हिंडायचा. दोनदा गटारात पडला.

मग त्यानं एक वही केली. दर गुरुवारी, बाजारच्या दिवशी, वही घेऊन फिरायचा. "काल कर्ण्यावर काय सांगितलं?" एकेकाला विचारायचा. कुणी म्हणायचं, कुणाचा तरी वाढदिवस होता. कुणी म्हणायचं, घरपट्टी भरा. एक म्हातारी म्हणाली, "लई चांगलं भजन व्हतं बाबा." त्या दिवशी कर्णे बंदच होते. सुखदेवनं ते पण वहीत लिहिलं.

नगरपंचायतीच्या कचेरीत एकदा या कर्ण्यांवर बैठक झाली. मीपण गेलतो, चहा होता म्हणून. साहेब भला माणूस. त्यांनी वाचून दाखवलं, इतके क्युसेक विसर्ग होणार, नागरिकांनी सतर्क राहावे, असं कर्ण्यावरून सांगायचं ठरलंय.

सुखदेव उठला. "साहेब, क्युसेक म्हंजे किती?"

साहेबांनी नीट समजावून सांगितलं.

"मला कळलं. गयाक्काला किती?"

"कोण गयाक्का?"

"आबांची मंडळी. नदीकडून पहिलं घर." माझ्याकडं बोट. "साहेब, बायामाणसं नदीवर धुणं धुत्यात, त्यांला तीनच मापं पाठ हायती. गुडघा, कंबर, गळा. तेवढं सांगा. आन् सतर्क राहा म्हणू नका. सतर्क राहायचं म्हंजे गडी चौकात हुबा राहून तंबाखू मळतो. काय करायचं ते सांगा. शेरडी सोडा, साळंत चला. संपलं."

लोक हसले. साहेबांनी मात्र लिहून घेतलं. तेवढ्यात एका जुन्या मेंबरला चेव आला. "सुखदेव, एवढ्या तारा न् कर्णे कशाला रं? घे की हलगी. दवंडीचं काम तुमच्याच घराण्याचं व्हतं."

मला वाटलं, आता हा टेबल उलथा करतो. पण त्यानं आवाज पण चढवला नाही.

"माझ्या आज्यानं छप्पन साली हलगी खाली ठिवली, मेंबर. ती आता कुणी उचलणार न्हाई. आन् एक सांगतो. आजा गल्लोगल्ली वरडायचा तव्हा सगळं गाव आयकायचं. पण ओट्यावरून कुणी त्याला उलटून एक शबूद बोलायचं न्हाई. आयकलं म्हणून सुदीक न्हाई. वरडला, फुडं गेला. मी तसं वरडणार न्हाई. मी सांगणार, आन् गावानं परत म्हणायचं. म्हणा, मेंबर."

मेंबर पायातल्या चपलीकडं बघत बसला. कुणीच काही म्हणालं नाही. मीपण तिथंच होतो. मीपण म्हणालो नाही. चहा पिऊन घरी आलो.

त्यानंतर पंधरा दिवसांनी रंगीत तालीम झाली. खरं पाणी नव्हतं, पण खरं समजून वागा, असं आदल्या दिवशी सांगितलेलं. सकाळी दहाला भोंगा वाजला. कर्ण्यावरून आवाज आला, "सिंदफणेला पाणी यायलंय! कंबरंएवढं! शेरडी सोडा, साळंत चला!" सुखदेवनंच बोलून घेतलेलं होतं ते. स्वतः तो शाळेच्या पायरीवर वही घेऊन बसला, कोण कोण येतं ते लिहायला.

कुणी आलं नाही. अख्खं गाव नदीवर गेलं.

आता आमच्या जिल्ह्याबद्दल नवख्या माणसाला एवढं सांगायला पाहिजे, की इथं बाया टँकरमागं पळून म्हाताऱ्या झाल्या. पाणी आलं म्हटल्यावर पाण्यापासून लांब पळायचं, हे आमच्या रक्तातच नाही. नदीला पाणी येतंय म्हणजे पाहुणी येतीय. तिची ओटी भरायची, खण-नारळ द्यायचा, पोराबाळांना दाखवायचं. त्या दिवशी काठावर नुसती जत्रा. गडी मोबाइल काढून उभे. भज्याचा गाडा लागला. माझी गया पुढच्याच रांगेत, हातात ताट, डोक्यावर पदर. शेजारणी निघाल्या म्हणून तीपण निघालेली. कशासाठी ते तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

सुखदेव शाळेवरून धावत आला. ती गर्दी बघून मटकन खाली बसला. "पळा म्हणून सांगितलं," तो मला म्हणाला, "आन् ही बघ जत्रा. आबा, खरं पाणी असतं तर पैली तुझी गेली असती."

मी उगाच हसलो. पण ते वाक्य माझ्या पोटात जाऊन बसलं.

गयानं त्याला बसलेलं बघितलं. तिला वाटलं, उन्हाचा त्रास झाला. तिनं नारळाचा तुकडा त्याच्या हातात ठेवला आणि सगळ्या काठाला ऐकू जाईल असं विचारलं, "काय झालं रं भावा?"

सुखदेवनं तिच्याकडं तोंड करून सावकाश सगळं सांगितलं. भोंगा, पाणी, शाळा. सांगून झाल्यावर सवयीनं म्हणाला, "अक्का, परत म्हण."

आणि गयानं परत म्हटलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत, एक शब्द न चुकता. बहिऱ्या माणसाला तसं करावंच लागतं, आपल्याला बरोबर कळलं का ते बघायला. सुखदेव तिच्याकडं बघतच राहिला. इतक्या वर्षांत त्याला परत म्हणणारं माणूस भेटलं, आणि ते बहिरं निघालं.

मग गया बायांकडं वळली. "आगं, पाव्हणी दारात येती म्हणल्यावर तिची ओटी घरात बसवून भरत्यात, का रस्त्यात आडवं जाऊन भरत्यात?"

बाया म्हणाल्या, घरात.

"मंग नदी आपल्याकडं यायली, तर आपण कावून म्हणून तिच्या आंगावर जायचं? वर साळंत बसू. येऊ दे तिला किती यायचं ती."

दुसऱ्या दिवशी बायांनी नदीतला एक गोल धोंडा शाळेच्या आवारात लिंबाखाली नेऊन बसवला, हळदीकुंकू लावलं. पाणी वाढलं की ओटी इथं भरायची, असं ठरलं. धोंडा उचलायला सुखदेवच पुढं होता. मी त्याला टोचलं, "कावून बे, तू तर हे मानत न्हाईस."

"मी न्हाई मानत. पण त्या मानत्यात ना? मानणारी माणसं उंचावर बसली म्हंजे झालं."

पण गयाचा प्रश्न राहिलाच. भोंगा तिला ऐकू येणार नाही, आणि मी शेतात असलो तर सांगणार कोण? चार दिवसांनी सुखदेव तारेचं भेंडोळं खांद्यावर टाकून आला. लिंबावरून, चिंचेवरून, दोन घरांच्या गच्चीवरून त्यानं तार आणली. वळणावर विहिरीच्या जुन्या कप्प्या बांधल्या. तारेचं एक टोक त्याच्या घरी. दुसरं टोक आमच्या स्वयंपाकघरात चुलीसमोर, त्याला लाल फडकं. तिकडून तार ओढली की इकडं फडकं नाचायचं.

"एकदा हाललं तर तपासणी. हालतच राह्यलं तर शेरडी सोड आन् निघ. परत म्हण अक्का."

तिनं परत म्हटलं.

दर गुरुवारी अकराला तपासणी. फडकं हललं की गया हातात असेल ती पळी, असेल तो झारा घेऊन गच्चीवर जायची आणि टेकाडाकडं तोंड करून हलवायची. तिकडं सुखदेव आपल्या गच्चीवरून दोन्ही हात वर करायचा. मग वहीत लिहायचा. मी खाली ताटावर बसलेलो. भाकरी तव्यावर, बायको गच्चीवर. "त्या तारवाल्याच्या नादानं माझी भाकरी जळायली," मी म्हणायचो. तिच्याकडं पाठ करून म्हणायचो, म्हणजे तिला कळायचं नाही.

आणि मग पाणी खरंच आलं.

त्या दिवशी मी पाव्हण्याकडं चौसाळ्याला गेलतो. तिकडं उघडीप होती. दुपारी मोबाइल वाजला, मेसेज. वाचून घेतला तर धरणाचे दरवाजे उघडल्याचा. गाडीला हात केला, निघालो. गावाच्या अलीकडं रस्ता अडवलेला. पूल पाण्याखाली. तिथून आमचं घर दिसतं. घराच्या ओट्यापर्यंत पाणी होतं. गच्चीवर कुणी नव्हतं.

गयाला फोन करून उपयोग नव्हता. मी सुखदेवला लावला. एकदा नाही लागला, दोनदा नाही लागला. ते वाक्य पोटातून वर आलं, पैली तुझी गेली असती. मी रस्त्यावर खाली बसलो. तिसऱ्यांदा लागला.

"गया कुठंय बे?"

"साळंत. परत म्हण."

"आरं माझी बायको..."

"आबा, परत म्हण. लाईन तुटंल."

"साळंत."

"शेरडी संगं. परत म्हण."

"शेरडी... संगं."

"सगळ्यांसाठी बेसन करायली. मिठावरून तकरार चालूय. परत म्हण."

मागून मला तिचा आवाज आला. अख्ख्या शाळेला ऐकू जाईल असा. "मीठ कुणी टाकलं गं ह्यात दुसऱ्यांदा?"

"बेसन करायली," मी म्हणालो, आणि रस्त्यावर बसून लहान लेकरासारखा रडलो. अनोळखी माणसं पाणी द्यायला लागली.

संध्याकाळी पाणी उतरलं, मी शाळेत पोचलो. लिंबाखाली धोंड्यापुढं नारळांचा ढीग. नदीकाठच्या सगळ्या आळ्या तिथं होत्या. बाया कर्ण्याचा आवाज ऐकून ओटीची ताटं घेऊन वर चढलेल्या, आणि बायकांमागं गडी. पत्रे गेले, कोंबड्या गेल्या, भिंती पडल्या. माणूस एक गेलं नाही. साहेब स्वतः सुखदेवचा हात हातात घेऊन उभे होते. जुना मेंबर पायरीवर बसून बेसन-भाकरी खात होता. सुखदेव त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला. मेंबर घास गिळून म्हणाला, "आयकलं व्हतं. कंबरंएवढं. शेरडी सोडा, साळंत चला." सुखदेवनं मान हलवली आणि वहीत लिहिलं.

गयानं मला सगळं सांगितलं. फडकं हाललं, तिला वाटलं तपासणी. मग लक्षात आलं, आज गुरुवार नाही. फडकं थांबेना. ती शेरडी सोडून निघाली, पण जाताना गच्चीवर चढून पळी हलवून गेली. "त्याला कळायला नको का, मला पोचलं म्हणून? न्हाईतर बसला असता वढत."

मी विचारलं, "पाणी दारात आन् तू गच्चीवर?"

"दोन पायऱ्याच तर हायत्या," ती म्हणाली. दोन नव्हे, चौदा.

ती नदीनं नेली नाही. नंतरच्या थंडीत छातीच्या दुखण्यानं गेली, घरात, माझ्या डोळ्यापुढं, दिवसाउजेडी. त्यावर मला जास्त लिहिता येत नाही. सुखदेव आला, कोपऱ्यात बसला. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा तो कुणाला परत म्हण म्हणाला नाही.

तेराव्यानंतर पहिला गुरुवार आला. मी चुलीपुढं बसलो होतो. अकराला लाल फडकं हाललं.

मला वाटलं वारा असेल. पुढच्या गुरुवारी परत हाललं. त्याच्या पुढच्यालापण. तेव्हा माझं डोकं फिरलं. विळा घेतला आणि तारेच्या खालून खालून टेकाड चढलो. म्हटलं, त्याच्या दारातच तोडायची.

सुखदेव गच्चीवर होता. एका हातात तार, दुसरा हात कपाळावर आडवा धरून माझ्या घराकडं बघत होता. मी जिन्यात आलो तरी त्याला पत्ता नाही.

"कावून वढायलास बे?" मी ओरडलो. "ती गेली! कळत न्हाई का तुला? कुणाला बोलवायलास?"

तो दचकला. तार सोडली. माझ्या हातातला विळा बघितला.

वही कठड्यावर उघडी होती. मला वाचायला वेळ लागतो, पण त्यात वाचायला फार नव्हतंच. तारीख, आणि पुढं, 'गयाक्का, उत्तर आलं.' खाली तारीख, 'गयाक्का, उत्तर आलं.' पानामागून पान. पूर, पाऊस, पोळा, दिवाळी, सगळ्यातून उत्तर आलं. शेवटच्या तीन ओळी तेवढ्या वेगळ्या. तिथं गयाचं नाव नव्हतं. माझं होतं. 'आबा, उत्तर न्हाई. आबा, उत्तर न्हाई.' तिसऱ्या ओळीत नुसतंच 'आबा', पुढं जागा मोकळी.

"मला आयकू येतं की," मी म्हणालो. "माझं नाव कावून घातलंस?"

"आयकू येतं. पण घरात सांगणारं कुणी न्हाई राह्यलं." मग दुसरीकडं बघत म्हणाला, "पोरगं मेसेज करतं. मी वाचला का न्हाई, त्याला काय कळतं? हप्त्यातून एक माणूस न चुकता उत्तर द्यायचं, आबा. भाकरी टाकून यायची."

मला माहीत होतं. भाकरी माझीच जळायची.

मी वही उलटीपालटी केली. मागच्या पानांवर यादी होती, आंधळे, बहिरे, अंथरुणावरचे, एकटे, सगळ्यांची नावं. "तुझं नाव कुठंय ह्यात?"

"यादी करणाराचं नाव यादीत कशाला?"

मी पेन्सिल मागितली. माझं अक्षर म्हणजे मुंग्या शाईतून चालल्यासारखं. पण लिहिलं. सुखदेव. पुढं, एकटा. विळा हातात होताच, त्यानंच सुखदेवच्या भेंडोळ्यातली तार तोडली आणि म्हणालो, "चल, दुसरी वढ. माझ्याकडून तुझ्याकडं."

"फडकं कंच्या रंगाचं?"

"तुला निळंच लागंल की. परत म्हण."

त्यानं माझ्याकडं असं बघितलं, की मीच कठड्याबाहेर बघायला लागलो.

"निळं," तो म्हणाला.

आता गुरुवारी अकराला माझ्या चुलीपुढचं लाल फडकं हालतं. मी तिची पळी घेऊन चौदा पायऱ्या चढतो आणि हलवतो. तिकडं दोन हात वर होतात. मग खाली येऊन मी माझी तार ओढतो, आणि परत चौदा पायऱ्या चढतो, त्याचं उत्तर बघायला. माझे गुडघे दुखतात. तो वही हलवतो.

भाकरी रोज जळते. पण आता ती माझ्या हातची असते, म्हणून तकरार कुणाकडं करायची नाही.